गजरा ओवणारीची बैठक

काल रांगोळी प्रदर्शनाच्या हॉलमध्ये शिरले आणि कोरड्या रंगांचा तो वास नाकात बसला. तीस वर्षांपूर्वी इथेच नाशिकमध्ये, अशाच प्रदर्शनात, मी गजरा ओवणारी बाई काढली होती. एक पाय दुमडलेला, एक गुडघा उभा. ती बैठक मी येवल्याच्या शकुंतलाकाकूंच्या रांगोळीच्या फोटोतून उचललेली; त्यांना कधी पाहिलं नव्हतं. रांगोळीशेजारच्या कार्डावर मात्र नाव माझं एकटीचंच.

"कोणाला कळणारे? गप्प बस, सुनंदा," मैत्रीण म्हणाली. मला राहवेना. उद्घाटनाला दहा मिनिटं होती. रांगोळीच्या दोन्ही बाजूंना विटा रचून वर फळी टाकली, श्वास रोखून फळीवर पालथी झाले आणि पांढऱ्या रेषेत लिहिलं: बैठक शकुंतलाकाकूंची. घामाचा एक थेंब पडता तर तीन दिवसांची मेहनत गेली असती.

दुपारी नऊवारीतल्या एक बाई त्या अक्षरांपाशी थांबल्या. "मीच ती शकुंतला. बसवली मी खरी, पण माझी बाई खाली बघती. तिची मान वर तू केलीस. मग इथं रांगोळीत तुझं नाव कुठंय?" त्यांनीच चिमूट भरली आणि लिहिलं: मान सुनंदाची.

बक्षीस मिळालं नाही. पण पुढे ती बाई मी कितीजणींना शिकवली, खालच्या दोन ओळींसकट.

काल एका अनोळखी मुलीच्या रांगोळीत तीच बैठक दिसली. मान वर, पुढ्यात स्कूटर, हातात गजऱ्याऐवजी पाना. खाली लिहिलं होतं: बैठक शकुंतलाकाकूंची. मान सुनंदाबाईंची. हात माझे.