वरून एक मोसंबी

कॉलेजात आम्हाला शांतता, संघर्ष आणि सामाजिक न्याय असा एक पेपर होता. तालुक्याच्या गावात एसटीडीचे पिवळे बूथ नवे नवे लागत होते आणि जग बदलायला फक्त आपलीच काय ती कमी आहे, असं मला वाटायचं. माज होता, दुसरं काय.

सरांनी प्रकल्प दिला: बाजारातल्या लोकांच्या तक्रारी ऐका, नोंदवा. नावं झाकावीत, असं पुस्तकात होतं. मी मात्र खरी नावं लिहिली, वजन यावं म्हणून. बसस्टँडजवळ फळांचा गाडा लावणारे चाचा बोलायलाच तयार नव्हते. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात. त्याने गळ घातली तेव्हा बोलले. मागच्या मिरवणुकीत त्यांचा गाडा उलथवला होता, गेवराईकडून आणलेली मोसंबी पायाखाली तुडवली होती, आणि तक्रार कोणी घेतली नव्हती. "लिव बेटा, तू शिकलेला हाय," म्हणाले, आणि मी घेतलेली किलोभर तोलून झाल्यावर नेहमीसारखी माझ्या पिशवीत वरून एक मोसंबी टाकली.

पुढच्या सणाआधी ठाण्यात शांतता कमिटीची बैठक झाली. सर मला घेऊन गेले. फौजदारांनी माझी वही चाळली, पाठ थोपटली, एक प्रत मागितली. अंगावर मूठभर मांस चढलं. त्याच दिवशी झेरॉक्स काढून नेऊन दिली.

आठवड्यात प्रतिबंधक नोटिसा निघाल्या. ज्याच्या मनात राग, तो शांतता भंग करणार, असं त्यांनी धरलं होतं. पहिली नोटीस चाचांना. गाडा उलथवणाऱ्यांपैकी कोणालाच नाही. त्यांची काही तक्रारच नव्हती.

"बापाचं नाव कावून लिवलं बे?" एवढंच मुलगा बोलला. पुन्हा माझ्या बाकावर बसला नाही. मी प्रत परत मागायला गेलो, तर फौजदार हसले. "लई कामाची हाय, राहू द्या." सण शांततेत पार पडला. त्या पेपरात मला वर्गात सर्वांत जास्त मार्क पडले. त्या मार्कांची अजून किळस येते.

महिनाभराने धीर करून गाड्यावर गेलो. माफी मागायची होती. मला बघताच चाचा स्टुलावरून उठून उभे राहिले. किलोभर तोलून वरून तीन मोसंब्या टाकल्या, पैसे घेईनात.

"घ्या साहेब," म्हणाले, "आमची कायबी तक्रार न्हाई."