उकळणारे ईथर

एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिक परीक्षेत मॅग्नेशियमची अभिक्रिया होती. मॅग्नेशियमच्या किसावर ईथर ओतायचे, ब्रोमोबेंझिनचे थेंब घालायचे. धातू कार्बन आणि ब्रोमीन यांच्या मधे शिरला, की उष्णता सुटते आणि ईथर आपोआप उकळू लागते. उकळले म्हणजे सुरू झाले, असे पुस्तकात होते.

पाण्याच्या थेंबानेही ही अभिक्रिया अडते. म्हणून अमरावतीच्या आमच्या प्रयोगशाळेतील, खोली गार ठेवणाऱ्या वाळ्याच्या ओल्या ताट्या सकाळीच काढल्या होत्या. एप्रिल होता. ईथर पस्तीस अंशांच्या आसपास उकळते. खोली त्याहून बरीच तापली होती.

नऊ परीक्षार्थींचे नऊ चंबू उकळू लागले. पास झालो, तर जूनपासून अकोल्याच्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरची जागा मला मिळणार होती. मी वहीत 'सुरुवात झाली' असे लिहिले.

प्रयोगशाळेचे म्हातारे परिचर मागे उभे होते.

"भाऊ, खुश काहून होऊन राहिले? बाटलीचं बुच काढलं तवापासूनच उकळून राहिलं ते."

"म्हणजे सुरू झाली नाही?"

"मले काय इचारता? एमेस्सी तुमी करून राहिले का मी?"

मी त्यांच्याकडून माठातले पाणी घमेल्यात घेतले आणि चंबू त्यात ठेवला. उकळी थांबली. मॅग्नेशियम होते तसेच चकाकत होते. वहीतली ओळ मी खोडली.

शेजारचा परीक्षार्थी म्हणाला, "अबे, पाण्यात काहून बसवलं त्याले? म्हैस व्हय का ते?"

पुण्याहून आलेले परीक्षक चहा घेऊन परतले.

"सगळ्यांचं छान चाललंय. तुमचंच थंड कसं?"

"सुरू झालं नाही म्हणून, सर."

"आणि बाकीच्यांचं?"

"त्यांना ऊन लागलंय, सर."

मी काचेच्या कांडीने मॅग्नेशियमचा एक तुकडा चंबूतच चिरडला आणि अभिक्रिया सुरू व्हावी म्हणून आयोडिनचा खडा टाकला. पाच मिनिटे काही झाले नाही. परीक्षक घड्याळ पाहत उभे राहिले. मग आयोडिनचा तपकिरी रंग उडाला, द्रव गढूळ झाला आणि गार पाण्यात बसूनही ईथर उकळू लागले.

परीक्षकांनी शेजाऱ्याचा चंबू उचलून त्याच घमेल्यात ठेवला. तो चंबू गप्प झाला. पुढचाही झाला. आठही झाले. त्यांनी सर्वांना तासभर वेळ वाढवून दिला.

"आता म्हशी धुवा तुमी," परिचर शेजाऱ्याला म्हणाले आणि माठ भरायला गेले.

त्या द्रवापासून शेवटी मिळालेले माझे स्फटिक थोडे, पण पांढरे निघाले. मी पास झालो.

जूनमध्ये अकोल्यात रुजू झाल्यावर, हे प्रात्यक्षिक जानेवारीत घ्यावे, अशी विनंती मी विभागप्रमुखांना केली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि नामंजूर केली.

"जानेवारीत ईथर उकळत नाही हो," ते म्हणाले. "सुरू झालं हे पोरांना कळणार कसं?"