अध्यक्षांच्या खिशातली चिठ्ठी

व्याख्यानमालेचं निमंत्रण आलं तेव्हा मी आधी पाकिटावरचा पत्ता पुन्हा तपासला. कॉलेजात मी इतिहास शिकवते, पण सोलापुरातल्या एवढ्या भरल्या सभागृहात बोलायला मला आजवर कोणी बोलावलं नव्हतं. आणि विषय तोच, ज्यावर मी कित्येक सुट्ट्या घालवल्या होत्या. एका दूरच्या वाळवंटी देशात धर्माच्या नावाने बंदूक उचलणारी संघटना जन्मली कशी, आणि तिने केलं काय. तिचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना नावाचीच हौस, ती मी कशाला पुरवू?

पाय जमिनीवर ठरत नव्हते. भाकरी थापताना, रिक्षात, स्टाफरूममध्ये, माझं आपलं मनातल्या मनात भाषण चालूच. अब्बांना सांगितलं तर त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. जन्मभर यंत्रमाग दुरुस्त केलेला माणूस, बोलणं मोजकं.

"दुनिया में इत्ते विषय पडेले हैं, तेरेकू येच मिला क्या?"

त्या लांबच्या लोकांच्या करणीचा जाब आपण का द्यायचा, हे त्यांचं म्हणणं. मी तडकले. जाब द्यायला नाही, शिकवायला चाललेय, म्हटलं. मी येणार नाही, म्हणाले. खरं सांगायचं तर धास्ती मलाही तीच होती. लोक मला इतिहासाची बाई म्हणून ऐकतील, की नुसती मुसलमान म्हणून?

त्या संध्याकाळी खुर्च्या कमी पडल्या. लई भारी वाटलं. एकदा सुरुवात केली आणि मी थांबलेच नाही. दुष्काळ, लाचखाऊ सरकार, शिकून रिकामी बसलेली पोरं. त्यांच्यात एक गोड बोलणारा उपदेशक येतो, फुकट शाळा काढतो, जेवू घालतो, आणि हळूहळू सगळ्या दुखण्यांवर एकच औषध सांगू लागतो. पोलीस निरपराधांनाही झोडपतात, तशी भरती वाढते. मग बंदुका येतात. शाळा जाळतात, मुली पळवतात, आणि मशिदीत नमाज पढणाऱ्यांनाही सोडत नाहीत. लोक पुढे सरकून ऐकत होते. पहिल्या रांगेतल्या एक बाई तर चक्क वहीत लिहून घेत होत्या. मला इतका आनंद झाला की दोन मुद्दे सांगायचेच राहिले.

मग चिठ्ठ्या आल्या. आमच्या व्याख्यानमालेत उठून प्रश्न विचारत नाहीत. चिटोऱ्यावर लिहायचं, ओळीओळीने पुढे सरकवायचं, आणि अध्यक्ष त्या चाळून वक्त्याकडे देतात. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक, फार मायाळू माणूस. मी भराभर उत्तरं देत होते. तेवढ्यात त्यांनी एक चिठ्ठी हळूच खिशात घातलेली मी पाहिली. बाकीच्या चिठ्ठ्या संपल्यावर माईकवर हात ठेवून म्हटलं, "सर, ती पण द्या की."

"राहू दे, बाई," ते कुजबुजले. "उर्दूत आहे. धमकीबिमकी असली तर? उद्या पोलिसांना दाखवू."

तरी मी हात पुढे केला.

चादरीच्या लेबलाच्या कोऱ्या बाजूवर दोन ओळी होत्या. अक्षर पाहिलं आणि ओळखलं. अब्बांना मराठी वाचता येतं, लिहिता येतं ते फक्त उर्दू. मला अलिफ, बे याच अक्षरात गिरवायला लावलं होतं. शेवटच्या रांगेत, दाराशी, टोपी मांडीवर ठेवून ते बसले होते.

मी चिठ्ठी आधी उर्दूत वाचली, मग मराठीत. "जी पोरं त्यांच्यात गेली, त्यांच्या आईबापांचं पुढं काय झालं?"

माझ्या टिपणांत म्होरके होते, बंदुका होत्या, आईबाप कुठेच नव्हते. "हे मी शोधलंच नाही," मी म्हटलं. "आता शोधीन." टाळ्या त्यालाच सर्वांत जास्त पडल्या. अध्यक्षांनी मान वर केली नाही.

परत येताना अब्बा रिक्षात एकसारखे बोलत होते. "टीचर समझे तेरेकू. सबने टीचर समझे." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "मेरी चिठ्ठी आखिर में कायको पढी?"

"उत्तर येत नव्हतं म्हणून," खिशाचा विषय न काढता मी म्हटलं, आणि ते एकदम खूश झाले.