डॅनियलकाका आल्याशिवाय

वाईट प्रसंगातून माणसं नीट सावरायच्या आधीच त्याचे किस्से व्हायला लागतात. आमचं तसंच झालं. अजून दारावर थाप पडली की आधी फटीतून बघतो, पण चहाला जमलो की हेच निघतं.

आम्ही म्हणजे नावड्याची मोजकी बेने इस्रायली, म्हणजे ज्यू, कुटुंबं. भाड्याच्या हॉलमध्ये आमचं प्रार्थनाघर. एका शनिवारी प्रार्थना चालू असताना बाइकवरून चौघं आले आणि खिडकीवर दगड मारले. परदेशातल्या युद्धाचा राग आमच्यावर! एक दगड थेट डॅनियलकाकांच्या डोक्याला लागला. "तुमच्या देशात जा," असं ओरडत ते पळाले.

काकांच्या जखमेवर पदर दाबून बसलेल्या रिबेकामावशी खिडकीकडे बघत म्हणाल्या, "कुठं जाऊ रे? माझं माहेर रोह्याचं."

*

दुसऱ्या दिवशी घरमालक भोईरदादा आले. आता हॉल खाली करायला सांगणार, म्हणून आमचे चेहरे पडलेले. दादांनी फुटक्या खिडकीची चौकट वितीनं मोजली.

"जाली बसवून देतो," ते म्हणाले. "पन तिला कलर कोनता मारू?"

मी म्हटलं, "निळा चालेल."

*

मग पोलीस बंदोबस्त आला. काका वाचले म्हणून आम्ही मलिदा ठेवला होता. यात गोड पोहे, खोबरं, फळं मांडून एलियाहू नबीचं गाणं म्हणायचं. दारावरच्या हवालदारानं मावशींची पिशवी चाचपली. आत काहीतरी गोल, टणक. त्याचा हात तिथंच थांबला.

"नारळ आहे," मावशी म्हणाल्या. "फोडायचा आहे, फेकायचा नाही."

जाताना त्यानं मलिदा मागून घेतला. ज्यांच्यासाठी केला, ते काका मात्र आलेच नाहीत.

*

मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी साखळी न काढताच दार उघडलं. "मी येणार नाही," म्हणाले. "तिथं बसलो की लक्ष खिडकीकडेच जाणार."

आमच्यात सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि काकांना धरून आम्ही जेमतेम दहा. तेवढे नसले तर तोराची, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी कपाटातून बाहेर काढता येत नाही.

"काका, तुमच्यावाचून सगळं अडणार."

"मग दुसरा ज्यू शोध. कळंबोलीच्या मार्केटात बघ, तिथं सगळं मिळतं."

एरवी हसलो असतो. त्या दिवशी राग आला आणि जिना उतरताना रडूही आलं.

*

शनिवारी आम्ही नऊजण बसलो. वेळ टळत चालली, कपाटाकडे कुणी बघेना. इतक्यात फाटक वाजलं आणि सगळे दचकले. बाहेर हवालदार कुणाला तरी हटकत होता.

दारात डॅनियलकाका. डोक्यावर हेल्मेट, काच खाली ओढलेली. या माणसाला साधी सायकल चालवता येत नाही. दोन गल्ल्या हेल्मेट घालून चालत आला होता!

डोकं झाकल्याशिवाय आम्ही प्रार्थनेला उभे राहत नाही, म्हणून दाराशी टोप्यांची पेटी असते. मी सवयीनं टोपी पुढं केली. काका ती न घेताच खिडकीशेजारच्या आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले.

"डोकं झाकलंय," हेल्मेटच्या आतून आवाज आला. "करा सुरू."