बंड्यासाठी स्थळ बघताना

कुत्रं पाळलं की काळ्या पँटला केस चिकटतात, तसे आपल्याला किस्सेही चिकटतात. झटकले तरी दोन-चार राहतातच! घणसोलीला आमच्या बागेत रोज सकाळी कुत्रेवाल्यांचा कट्टा जमतो. तिथे कुणाला कुणाचं खरं नाव माहीत नाही. ब्रूनोचे पप्पा, चिकूची आई, आणि मी बंड्याचा बाबा.

यंदा भाचीचं लग्न साताऱ्याला ठरलं. मामा म्हणून मला तिच्या पाठीशी उभं राहायचं होतं, आणि बंड्या तर आजवर एक रात्रही घराबाहेर झोपला नव्हता. "चांगली जागा मिळाली नाही तर मी येणार नाही," मंजूने, म्हणजे माझ्या बायकोने, जाहीर करून टाकलं. मग कट्ट्याला विचारलं. तिथे अनुभवांना काय तोटा!

*

ब्रूनोच्या पप्पांनी तळोज्याच्या बाजूला एक झकास बोर्डिंग शोधलं होतं. एसी खोली, स्विमिंग पूल, वर मोबाईलवर लाइव्ह कॅमेरा. ब्रूनोला तिथे ठेवून नवरा-बायको गोव्याला गेले. पप्पा बीचवर बसून दिवसभर झोपलेला ब्रूनो बघत होते.

"बघ बघ, कूस बदलली!"

शेवटी ब्रूनोची मम्मी वैतागली. "अहो, आपण गोव्याला आलोय की तळोज्याला?"

*

चिकूची आई पक्की शाकाहारी. म्हणून चिकूही! तिने त्याला घणसोली गावातल्या वैनींकडे ठेवलं होतं. वैनी मूळच्या इथल्याच, आगरी. घराच्या तळमजल्यावर त्या लोकांची कुत्री सांभाळतात. "फक्त दहीभात हं!" असं चिकूच्या आईने त्यांना पुन्हा पुन्हा बजावलं होतं.

घरी परतल्यावर चिकू दहीभाताकडे ढुंकून बघेना. मासेवाली दिसली की पट्टा ओढत थेट तिच्या टोपलीकडे! चिकूच्या आईने वैनींना जाब विचारला.

वैनी एकदम शांत. "आमी नाय दिला ताई. त्यानी सोताच घेतला!"

*

आम्ही आधी वाशीला एक जागा पाहिली. मंजूची चौकशी अगदी मुलगी द्यायच्या थाटात. "घरात माणसं किती? कुणी तापट नाही ना?" मालक बिचारे सगळ्याला हसून उत्तर देत होते. जागाही चकाचक. मला तर पसंत पडली.

बाहेर आल्यावर मंजू म्हणाली, "नको."

"का?"

"नाव विचारलं त्यांनी बंड्याचं. पण एकदा तरी हाक मारली का त्याला?"

ते स्थळ गेलं!

*

शेवटी वैनींच्याच दारात गेलो. इथे उलट आमचीच परीक्षा.

"सोफ्यावर झोपतो काय?" वैनींनी विचारलं.

"छे!" मी म्हणालो. "हो," मंजू म्हणाली. दोघं एकाच वेळी!

वैनी हसल्या. "बाय खरा बोलते. ठेवा त्याला."

बंड्याला सोडून निघताना मंजूला उंबऱ्यातच रडू फुटलं. मलाही गलबलून आलं होतं, पण मी बुटाची लेस बांधत बसलो. वैनींनी मंजूच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नको बाय. त्याला वाटंल, हिलाच कुठंतरी ठेवतात!"

*

लग्नाला मंजू आली, पण तिचा जीव घणसोलीत. वैनींना सांगून ठेवलं होतं, काही झालं तरच फोन करा.

अंतरपाट धरला. मी भाचीच्या पाठीशी उभा. नवऱ्या मुलाच्या आत्याबाई लांबलचक मंगलाष्टक गात होत्या, आणि माझ्या खिशातला फोन थरथरला. वैनी! तोही व्हिडिओ कॉल! मंजूचा चेहरा पांढराफटक. मी तसाच फोन उचलला.

स्क्रीनवर बंड्या. कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. मागे वैनींचं अख्खं घर दाटीवाटीने बसलेलं.

"काय झालं वैनी?"

"काय झाला नाय! नवरी दाखवा ना भाऊ. याला पन बगू द्या!"

भाचीला बघून बंड्या असा काही भुंकला की आत्याबाई सूर विसरल्या. सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. पनवेलहून आलेले गुरुजी अंतरपाटाच्या कडेने माझ्याजवळ सरकले. आता आपली खैर नाही, असं मला वाटलं. त्यांनी चष्मा वर केला, स्क्रीन नीट न्याहाळली आणि हळूच विचारलं, "बोर्डिंग कुठलं हो? आमच्याकडे पण एक आहे."