वन्संना सांगितलेलं खोटं

माझी नात शमिका दहावीनंतर आउसबिल्डुंग करते, म्हणजे तीन दिवस इथे जर्मनीत, येनातल्या कारखान्यात पगारावर भिंगं घासायची आणि दोन दिवस व्यवसायशाळेत जायचं. काल पुण्याहून वन्संनी फोनवर तिची चौकशी केली, तेव्हा मी म्हणाले, “विद्यापीठात आहे.”

शमिका शेजारीच होती. एरवी ती मला जर्मनमध्ये उत्तर देते. काल मराठीत म्हणाली, “आजी, तुला माझी लाज वाटते?”

मी वन्संना पुन्हा फोन लावून खरं सांगितलं. त्या हसल्या. “अगं, म्हणजे आत्ताच कमावती झाली की! आमचा इंजिनिअर नातू दोन वर्षं घरी लोळतोय.”

शमिकाही हसली. मला मात्र तिच्याकडे बघवेना. तिने ऐकलं नसतं, तर मी तो फोन केला नसता, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.