मोहाखाली बाबांचा फोटो

फोटो पाठवायचा होता मुलीला, गेला तो कुटुंबाच्या ग्रुपवर. बोट चुकलं, एवढंच. पण त्या ग्रुपवर कटंगीपासून नागपूरपर्यंत पसरलेले आमचे साठेक नातेवाईक आहेत, आणि ज्यांच्याशी आमचं तहसिलीत प्रकरण चालू आहे ते काका आणि त्यांचा मुलगाही त्यांतच आहेत. फोटोत एक मोहाचं झाड, झाडाखाली रिकामी खुर्ची. वर मी लिहिलेलं: ‘उद्या सकाळी सात वाजता बाबांना इथे बसवायचं.’ आणि फोटोच्या तळाला काळ्या पट्टीवर अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ.

ही पट्टी माझ्या नोकरीची देणगी. सरकारी खात्यात आता बांधलेलं घर असो की खणलेला खड्डा, जागेचा पुरावा असलेलाच फोटो चालतो. त्यामुळे माझ्या फोनात कॅमेरा म्हणजे तेच एक ॲप. पुतणीच्या केळवणाच्या ताटाखालीसुद्धा अक्षांश-रेखांश आहेत. चूक लक्षात आल्याबरोबर मी तो फोटो पुसला, पण ‘फक्त माझ्यासाठी’ हे बटण दाबून. माझ्यापुरता तो ग्रुपवरून गेला. बाकी सगळ्यांच्या फोनवर तो तसाच राहिला आणि मी निर्धास्त झालो.

बाबांचा फोटो काढायचं ठरलं ते आईमुळे. आई गेली तेव्हा घरात तिचा एक धड फोटो नव्हता. मतदार ओळखपत्रावरचाच मोठा करून लावला. त्यात ती अशी दिसते की पोलिसांनी नुकतीच पकडून आणली असावी. बाबा रोज त्या फोटोसमोर बसून चहा पितात. एकदा कप खाली ठेवून म्हणाले, “माह्या वेळेले असं नोको करू. जिता हाय तवर चांगला काढून घे.” अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. ती तरी नीट करावी असं मी मनाशी पक्कं केलं. मी पक्कं केलेल्या गोष्टींचं पुढे काय होतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

मुलगी जबलपूरहून सुट्टीला आली होती, तिच्याकडे बरा कॅमेरा होता. फोटो ती काढणार, जागा मी शोधणार. संध्याकाळी इथे बालाघाटलाच वैनगंगेच्या घाटावर गेलो, तर तिथे लग्नाआधीचे फोटो काढायला आलेल्या दोन जोड्या एकाच दगडासाठी भांडत होत्या. सूर्य बुडायला दहा मिनिटं आणि दगड एक. एका फोटोग्राफरने दुसऱ्याचा स्टँड लाथेने पाण्यात उडवला, दुसऱ्याने त्याच्या कानाखाली आवाज काढला आणि फेटा बांधलेला होणारा नवरदेव समजूत घालायला मध्ये पडून स्वतःचा ओठ फोडून घेता झाला. मुलगी म्हणाली, “पापा, यहाँ नहीं.” बागेत गेलो तर तिथे बसायला हृदयाच्या आकाराची लाल चौकट. बाबांना त्यात बसवायचं धाडस मला झालं नाही.

शेवटी गावचं शेत मलाच सुचलं. ग्रुपवर चुकून गेलेला तोच फोटो मग मुलीला पाठवला, आणि मोहाचं ते झाड पाहून तिचा चेहराच फुलला. “पीछे ये मोटा तना, नीचे फूल, सामने से सुबह का सूरज! इससे अच्छी जगह मिलेगी ही नहीं.”

बायकोने मात्र विचारलं, “त्या झाडाखाली? तुमाले दुसरं झाड नाई भेटलं?”

“फोटोच तं काढून राह्यलो. झाड थोडीच घरी आणतो?” मी म्हणालो.

ते झाड बाबांच्या आणि काकांच्या शेतांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभं आहे. वाटणी झाली तेव्हा रेघ नेमकी त्याच्या बुंध्यातून गेली. एक वर्ष मोह आम्ही वेचायचा, एक वर्ष त्यांनी, असं तोंडी ठरलं होतं. पुढे झाड कोणाचं यावरून प्रकरण तहसिलीत गेलं, आणि तेव्हापासून त्या झाडाशी कोणी काही केलं की तो कब्जा ठरू लागला. काकांनी एकदा त्याला बकरी बांधली, तर आमच्या वकिलाने बकरीवर दोन पानं लिहिली. यंदा मोह वेचायची पाळी त्यांची, आणि मोह गळायचे हेच दिवस. हे सगळं मला ठाऊक होतं. पण मी उजेडाच्या विचारात होतो.

सकाळी सातला बाबा पांढरा सदरा, धुतलेलं धोतर आणि खांद्यावर दुपट्टा घेऊन खुर्चीत बसले. मोटारीच्या काचेला लावायचा चंदेरी पडदा मुलीने माझ्या हातात दिला, आणि त्यावरून ऊन बाबांच्या चेहऱ्यावर पाडायला सांगितलं.

“दादाजी, थोड़ा मुस्कुराइए.”

“दात कुठी हायेत हासाले?” बाबा म्हणाले, आणि खरंच हसू यायच्या बेतात होतं, तेवढ्यात त्यांनी धुऱ्याकडे पाहिलं.

काका येत होते. खांद्यावर कुऱ्हाड. मागे चुलतभाऊ लाठी घेऊन, त्याच्या मागे काकू मोह वेचायची टोपली घेऊन.

“काहून भाऊ, फोटो काढून राह्यले? तहसीलदाराले दाखवाले?”

“मेल्यावर लावाचा फोटो हाय रे, लहान्या.”

“मेल्यावर लावाच्या फोटोखाली तारीख-वेळ कायले टाकता मंग? ग्रुपवर तं सारं हाय!”

बाबांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी चंदेरी पडदा थोडा वर घेतला.

काका थेट बुंध्याकडे गेले. “ना तुमचा, ना माहा. खतम!” म्हणाले आणि घाव घातला. साल फाटून उडाली, एक ढलपी माझ्या गालात रुतली. दुसरा घाव त्याहून खोल गेला, झाडातून पांढरा चीक वाहू लागला. तिसरा पडायच्या आत बाबा खुर्चीतून उठले होते. ज्यांना संडासातून उठायला आम्ही हात देतो, ते बाबा. त्यांनी कुऱ्हाडीचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

काका त्यांचे धाकटे भाऊ. उभ्या आयुष्यात बाबांना त्यांनी अरे-तुरे केलं नव्हतं, त्या दिवशीही केलं नाही. “सोडा भाऊ, नाई तं डोकं फोडीन तुमचं!”

“फोड! फोड, पाहू!”

दोघे म्हातारे एक कुऱ्हाड धरून गरागरा फिरू लागले. पातं कधी झाडाकडे, कधी माझ्या मुलीकडे. मी काय केलं? मी “अहो, अहो” म्हणालो. बाबांनी हिसडा मारला, दांडा उलटा उसळला आणि त्यांच्याच कपाळावर बसला. आवाज मला अजून ऐकू येतो. भुवईपासून केसांपर्यंत कातडी उघडली आणि रक्त डोळ्यात, तिथून सदऱ्यावर आलं. कुऱ्हाड खाली पडली. मला वाटलं, बाबा आता कोसळणार. त्यांनी वळून खुर्ची उचलली.

मग मी पुढे धावलो, ते चुलतभावाच्या लाठीवर. पहिला तडाखा पडद्यावर बसला, पडदा दुमडला. दुसरा कोपरावर बसला तेव्हा बोटांपर्यंत आग गेली. मी डोकं खाली घालून त्याच्या पोटात शिरलो. आम्ही दोघे गळलेल्या मोहात लोळू लागलो. त्याने माझ्या बरगडीत गुडघा मारला, मी त्याचा कान दातात धरला. मोहाचा गोड वास आणि तोंडात खारट रक्त. दोघेही पन्नाशीचे, दोघांनाही ढेरी. दोनदा आम्ही न बोलता थांबलो, धापा टाकल्या आणि पुन्हा सुरू केलं.

तिकडे बाबांनी डोक्यावर उचललेली खुर्ची खाली आणली. बाबांच्या सदऱ्याची गचांडी धरलेल्या काकांच्या मनगटावर ती पडली. सुकी काडी मोडावी तसं हाड मोडलं. काका ओरडले, आणि दुसऱ्या, धड हाताने त्यांनी बाबांच्या तोंडावर ठोसा मारला. काकू रिकामी टोपली घेऊन दोघांच्याही पाठीत हाणत होती. “मरा! दोघंबी मरा एकदाचे!”

मग बाबा एकाएकी खाली बसले. रक्ताने दोन्ही डोळे भरले होते, ते हाताने हवेत काहीतरी चाचपत होते.

काकांचा आवाज बदलला. मुलावर ओरडले, “पाहून काय राह्यला बैला, गाडी काढ!” मुलाचा कान तेव्हा माझ्या दातात होता. मी सोडला.

एकाच गाडीतून आम्ही बालाघाटला आलो. काकांनी सगळ्या रस्त्याने धड हाताने बाबांच्या कपाळावर दुपट्टा दाबून धरला होता आणि तोंडाने त्यांच्या सात पिढ्या काढत होते. त्या पिढ्या त्यांच्याही होत्या, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. मुलगी कॅमेरा छातीशी धरून बसली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी टाके घालताना विचारलं, “कैसे लगा?” पोलिसांना कळवायचं की नाही, ते या उत्तरावर होतं.

बाबा म्हणाले, “धुऱ्यावरून पडलो.”

डॉक्टर काकांच्या मनगटाकडे वळले. “और आप?”

“मीबी.”

“दोनों एक साथ?”

“हौ,” काका म्हणाले. “भाऊ माह्यावर पडले.”

डॉक्टरांनी माझा गाल, चुलतभावाचा कान पाहिला आणि कागदावर ‘गिर गए’ असं लिहून टाकलं. बाबांना सात टाके, काकांना प्लास्टर. दोघे एकाच बाकावर बसले, एकमेकांकडे पाठ करून. प्रकरण मिटलं असं कोणी समजू नये. तहसिलीतली पुढची पेशी ठरलेल्या तारखेला झाली आणि दोन्ही वकील पोटभर बोलले.

मला खंत होती ती फोटोची. बाबांचा चेहरा सुजून काळानिळा, कपाळावर कायमची शिवण. मागितलेली एक गोष्ट मी अशी करून दिली होती. दोन दिवसांनी मुलीने कॅमेरा लॅपटॉपला जोडला तेव्हा कळलं, की भीतीने तिचं बोट बटणावरच आवळलं गेलं होतं आणि सगळी मारामारी फोटोंत उतरली होती. बाबा शेजारी येऊन बसले. एका उघड्या डोळ्याने एकेक फोटो पाहू लागले. एका फोटोवर त्यांनी बोट ठेवलं.

त्यात बाबा उभे. दोन्ही हातांनी डोक्यावर खुर्ची. कपाळातून रक्ताची धार, दात नसलेलं तोंड उघडं, डोळे पेटलेले, आणि सगळ्या चेहऱ्यावर सकाळचं ऊन. गळ्यापाशी सदरा पकडलेला काकांचा हात.

“हाच,” बाबा म्हणाले.

“बाबा, लोकं काय म्हणतीन?”

“म्हणू दे. तुही माय त्या फोटोत जिती असून मेल्यावानी दिसते. मी तसा दिसतो का?”

मुलीने विचारलं, “दादाजी, छोटे दादाजी का हाथ काट दूँ फोटो से?”

“राहू दे. नाई तं मी कोनावर भडकलो ते कसं समजन?”

फोटो मोठा करून, चौकट घालून आणला. बाबांनी तो आपल्या हाताने पुसला आणि खोलीत झोपायला गेले. बायको त्या फोटोसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, “आताच सांगून ठेवते. वेळ येईन तवा ह्या फोटोले हार घालाले मी स्टुलावर चढणार नाई. तुमचं तुमी पाहून घ्या.”